स्वतः लावलेली चाल टाकली की सगळे 'खूप छान' म्हणतात, नेमकं काय चुकतंय ते कुणी सांगंल का?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत शिफ्टवर काम करतो, वय ३४. गाणं रीतसर कुठं शिकलेलो नाही, लहानपणी आजोबांबरोबर भजनी मंडळात टाळ वाजवायला जायचो आणि तिथं बघून बघून पेटी थोडी हाताला बसली तेवढीच. गेली दोन-अडीच वर्षं स्वतः शब्द लिहून त्याला चाली लावतोय, आत्तापर्यंत नऊ झाल्या, त्यातल्या चार ऑनलाइन टाकल्या.

अडचण अशी आहे की टाकलं की 'खूप छान', 'मस्त दादा', 'असंच करत रहा' असं येतं आणि संपलं. लोकांनी वेळ काढून लिहिलं त्याचं मला खरंच बरं वाटतं, पण पुढचं गाणं करायला बसलो की मागच्या वेळी काय चुकलं हेच माहीत नसतं त्यामुळं मी परत तिथंच. आणि काहीतरी चुकतंय हे नक्की, कारण शेवटचं गाणं ४ मिनिटं २० सेकंदांचं आहे आणि ऐकणाऱ्यांचा जो आलेख दिसतो त्यात बहुतेक जण ५० व्या सेकंदाच्या आत निघून गेलेत. म्हणजे छान म्हणणाऱ्यांनीसुद्धा पूर्ण ऐकलेलं नाही.

गाण्याबद्दल सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं. नंतर धुतलं, पुसलं, रंग काढला, पण स्वयंपाकघरातल्या एका भिंतीवर ओलीची रेघ पावसाळ्यात परत परत उमटती. आई येता जाता तिथं हात लावून बघती, काही बोलत नाही, फक्त तळवा टेकवती आणि पुढं जाती. त्यावर लिहिलंय. ध्रुवपद असं आहे:

भिंतीवरती ओल राहिली, पाणी गेले परतूनी
हात फिरवते आई तेथे, येता जाता थांबूनी

ताल केरवा, लय मिनिटाला ९२ मात्रा, पट्टी काळी एक (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा). चाल कीबोर्डवर बसवली, तबल्याचा लूप (परत परत वाजणारा तयार तुकडा) मोबाइलच्या ॲपमधला, मागं स्ट्रिंग्ज पूर्ण गाणंभर, प्रत्येक ओळीनंतर बासरीचा तुकडा. आवाज रात्री सेकंड शिफ्टवरून आल्यावर स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला, मोबाइल ओट्यावर ठेवून आणि कानात वायरलेस इअरबड घालून. खाली लिंक दिलीय.

मला स्वतःला दोन गोष्टी खटकतात पण कारण कळंना. एक, माझा आवाज तबल्याच्या मागं पडल्यासारखा वाटतो, गाताना तर बरोबर वाटत होतं. दोन, 'ओल'वर जो गंधार (ग) धरलाय तो टोचतो, तानपुरा ॲप लावून नुसता म्हटला की छान लागतो आणि ट्रॅकवर म्हटला की नाही.

आणि तिसरा प्रश्न वेगळा आहे. गदिमांच्या एका कवितेलाही मी चाल लावलीय, आमच्याच जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यातला त्यांचा जन्म म्हणून लहानपणापासून ओढ आहे. ती टाकली तर चालंल का?

वाईट वाटून घेणार नाही, मोकळेपणानं सांगा.

---

तासगाव_बीट्स

भारी झालंय भावा 🔥 शब्द एक नंबर. मला वाटतं अरेंजमेंट जरा जुन्या पद्धतीची वाटते. सरळ शब्द एआय ॲपमध्ये टाक, दोन मिनिटांत पूर्ण गाणं ड्रम गिटारसकट तयार होतं. मी तसेच करतो हल्ली.

---

पेटी_मिरज

तुमचं गाणं तीनदा ऐकलं, एकदा नुसतं, एकदा पेटी पुढं घेऊन आणि एकदा शब्द कागदावर लिहून. मी मिरजेत पेटी शिकवतो, वय झालंय त्यामुळं जरा लांबण लागंल, चालवून घ्या.

आधी चांगलं काय ते सांगतो म्हणजे ते पुढच्या वेळी बदलू नका. तुमच्या ओळीच्या मात्रा मोजल्या तर आठ, आठ, आठ आणि सहा अशा बसतात. भिंतीवरती आठ, ओल राहिली आठ, पाणी गेले आठ, परतूनी सहा. दुसरी ओळही तशीच. केरव्याची चार आवर्तनं म्हणजे ३२ मात्रा, तुमचे शब्द ३० मात्रांत संपतात, म्हणजे शेवटी दोन मात्रा मोकळ्या राहतात. मोजून लिहिलं असो की कानानं आलं असो, टाळ वाजवत वाढलेल्या माणसाचं हे काम आहे, मंडळात बसल्याशिवाय असं येत नाही.

आता चूक. त्या मोकळ्या दोन मात्रांत तुम्ही बासरी भरलीय. आणि 'थांबूनी' या शब्दावर तुमची चाल पळते. नी वर तुम्ही चार सुरांची मुरकी घेतलीय, ती संपते न संपते तोवर बासरी येते, बासरी संपायच्या आत परत 'भिंतीवरती'. आई थांबते असं तुमचे शब्द सांगतात आणि गाणं तिला थांबूच देत नाही. मला तर वाटतं तुमचं सगळं गाणं त्या एका शब्दावर उभं आहे. तिथं साधा एक सूर लावा, षड्जावर, म्हणजे सा वर, या आणि गप्प बसा. दोन मात्रा गप्प. तबला चालू असंल तर तोसुद्धा त्या दोन मात्रांपुरता काढून बघा. ९२ च्या लयीत ती शांतता सव्वा सेकंदाच्या आसपास होईल, फार नाही, पण ऐकणारा तिथं थांबतो.

दुसरं, 'हात फिरवते' मध्ये हा दोन मात्रा आणि त एक मात्रा असं पाहिजे. तुम्ही हा आखूड केलाय आणि त लांबवलाय त्यामुळं ऐकताना 'हता फिरवते' असं ऐकू येतं. मी कागद समोर नसताना ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा शब्दच कळला नव्हता, आणि ज्याला शब्द कळला नाही तो पुढं कशाला ऐकंल. चाल पेटीवर आधी बसवून मग त्यात शब्द घातले की असं होतं. शब्द आधी चार-पाच वेळा नुसते मोठ्यानं बोला, जसं घरात बोलता तसे, कुठं आवाज चढतो कुठं उतरतो ते बघा, चाल निम्मी तिथंच असती.

तिसरं, 'आई तेथे'. तुमचा सगळ्यात उंच सूर 'तेथे' च्या ते वर आहे. तेथे हा शब्द काय एवढा मोठा नाही हो, मोठा शब्द आई आहे. उंच सूर एक शब्द अलीकडं आणा.

गंधाराचं सांगतो, तुमचा कान बरोबर आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरची तारांची बैठक, नीट लागलेली असली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तारेच्याच अंगातला तो सूर. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा वर असतो, १४ सेंटच्या आसपास, सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तुम्ही तानपुऱ्यावर गाताना गळा खालच्या खऱ्या गंधारावर जातो आणि ट्रॅकवर स्ट्रिंग्जमध्ये कीबोर्डचा गंधार दाबून धरलेला आहे, मग दोन गंधार एकमेकांना घासतात आणि टोचतं. उपाय सोपा, त्या जागी स्ट्रिंग्जमधला गंधार काढून टाका, नुसते सा आणि प ठेवा. गंधार एकट्या गळ्यानं लावायचा.

आपल्याच भागातली गोष्ट आहे म्हणून सांगतो, हाच विषय घेऊन सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांवर, पुस्तक काढलं होतं, नाटककार देवलांचे ते बंधू, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांच्याबरोबर श्रुतींचे प्रयोग केले होते. पेटीचे सूर गळ्याशी जुळत नाहीत हे भांडण जुनं आहे, आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटी बंदच ठेवली होती. मी पेटीवालाच आहे तरी सांगतो, धरून ठेवलेल्या गंधाराला पेटी नको.

कधी मिरजेला आलात तर सतारमेकर गल्लीत जाऊन एखाद्या चांगल्या जवारीच्या तानपुऱ्याजवळ पाच मिनिटं नुसते बसा. ॲपवर एवढा गंधार कळत नाही.

---

अजिंक्यतारा_साउंड

पेटीवाल्या काकांनी चालीचं सांगितलंय त्यावर मी काही बोलत नाही, मी रेकॉर्डिंगचं सांगतो. साताऱ्यात माझं छोटं काम आहे, एकांकिकांचं पार्श्वसंगीत, लग्नाची गाणी वगैरे.

दादा तुमचा आवाज मागं पडतोय त्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, वायरलेस इअरबड. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला उशीर लागतो, शंभर ते दोनशे मिलीसेकंद किंवा जास्त पण. ९२ च्या लयीत एक मात्रा साधारण ६५० मिलीसेकंदांची होते, म्हणजे तुम्ही जवळपास पाव मात्रा उशिरा तबला ऐकताय आणि त्याच्या बरोबर गाताय. तुम्हाला गाताना सगळं बरोबरच वाटणार, पण रेकॉर्डमध्ये आवाज तेवढा मागं बसतो. लयीत तुम्ही पक्के आहात, दोष यंत्राचा आहे. साधा वायरचा इअरफोन घ्या. आणि आत्ताचं रेकॉर्डिंग टाकून द्यायची पण गरज नाही, ॲपमध्ये आवाजाचा ट्रॅक पकडून थोडा थोडा अलीकडं ओढा, तबल्याशी जुळला की सोडा. किती ओढायचा हे मोजायचं असेल तर तेच इअरबड घालून लूपवर नुसत्या समेला टाळ्या वाजवून रेकॉर्ड करा, टाळीची रेघ आणि तबल्याची रेघ स्क्रीनवर शेजारी दिसते, मधलं अंतर तेवढंच सरकवायचं.

आता स्वयंपाकघर. ओटा, फरशी, भांडी, सगळं कडक, त्यामुळं आवाज आदळून परत येतोय आणि मागं एक बारीक घूं चालू आहे तो फ्रिज असणार. गाताना फ्रिज बंद करा (गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा म्हणजे सकाळी विसरणार नाही, मी हे अनेकांना सांगतो). जागा बदला, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडं तोंड करून गा, पाठीमागं दोरीवर गोधडी टाका. मोबाइल ओट्यावर ठेवू नका, खाली दुमडलेला टॉवेल घालून तोंडाच्या उंचीला, एक वीत अंतरावर आणि जरा बाजूला, म्हणजे प आणि भ ची हवा माइकवर थडकत नाही. तुमचा पहिलाच शब्द 'भिंतीवरती' आहे आणि प्रत्येक वेळी भिं ला धप्प होतंय. फ्लाइट मोड लावा. आवाजाची पातळी सगळ्यात जोरात गाताना उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, नंतर वाढवता येतं पण फाटलेलं शिवता येत नाही.

फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा. मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबली जाण्याची भीती असते आणि मग मित्र म्हणतो आवाज दबलाय आणि तुम्ही मिक्समध्ये शोधत बसता. पैसे घालायची आत्ता अजिबात गरज नाही, ऑडॅसिटी फुकट आहे, बँडलॅब मोबाइलवर फुकट आहे, तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतात.

५० सेकंदांचं बोलायचं तर तुमचा आवाज येतोच ३८ व्या सेकंदाला. मी घड्याळ लावून बघितलं. आधी ३८ सेकंद स्ट्रिंग्ज आणि बासरी. ज्यानं तुमचं नाव कधी ऐकलं नाही तो ३८ सेकंद का थांबेल? शब्द ही तुमची ताकद आहे, ते आधी येऊ द्या.

@तासगाव_बीट्स भावा एआय वापरायला माझी ना नाही, पण हा माणूस विचारतोय की माझ्या चालीत काय चुकलं. त्या ॲपनं दुसरी चाल दिली तर ह्याला 'थांबूनी' वर थांबायचं कसं कळणार.

---

तासगाव_बीट्स

बरोबर आहे, मी नीट वाचलंच नव्हतं. आता काकांचं वाचून परत ऐकलं, हात चं हता खरंच ऐकू येतंय. माझ्या गाण्यांत पण हे होत असणार, आज तपासतो.

---

वाईची_शिक्षिका

मी वाईजवळ प्राथमिक शाळेत शिकवते आणि गेली सहा-सात वर्षं मुलांसाठी गाणी करते, पावसाची, पाढ्यांची, स्नेहसंमेलनाची. दादा तुमचा मूळ प्रश्न मला फार जवळचा वाटला कारण माझंही अगदी असंच व्हायचं. पन्नास जण छान म्हणायचे आणि मुलं मात्र तिसऱ्या ओळीला चुळबूळ करायची. मुलं खोटं बोलत नाहीत ना.

मग मी विचारायची पद्धत बदलली. 'गाणं कसं वाटलं' असं विचारलं की माणूस छानच म्हणणार, आपल्याकडे कुणाच्या घरी जेवल्यावर भाजीत मीठ कमी होतं असं कुणी तोंडावर सांगतं का. म्हणून आता मी एकच गोष्ट विचारते आणि तीही उत्तर देता येईल अशी. 'कोणता शब्द कळला नाही?' किंवा 'कितव्या सेकंदाला कंटाळा आला?' नाहीतर अंतऱ्याच्या दोन चाली पंधरा पंधरा सेकंदांच्या टाकते आणि विचारते पहिली का दुसरी आणि का. गेल्या वेळी असं विचारल्यावर अकरा जणांनी लिहिलं, त्यातल्या आठ जणांनी दुसरी सांगितली आणि एका ताईंनी तर पहिलीत 'ढगा' वर हसू येतं असं लिहिलं जे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि पूर्ण सजवलेलं गाणं टाकून सल्ला मागू नका, आवाज आणि पेटी एवढंच टाका. सजवलेल्या गाण्याला लोक हात लावायला कचरतात, आणि तुम्हालाही मग बदलायचं जिवावर येतं.

अजून एक, स्वतःचं एक टाकायच्या आधी मी दुसऱ्यांची चार-पाच ऐकून त्यावर नीट लिहिते. त्यात देवाणघेवाण तर आहेच, पण दुसऱ्याच्या गाण्यातली चूक शब्दांत मांडायला गेलं की स्वतःचीही दिसायला लागते.

आता तुमच्या तबल्याच्या लूपबद्दल, कृपया हे वाचाच. माझ्या एका बालगीतात मी असाच फुकटचा तबला लूप वापरला होता. दोन महिन्यांनी माझ्याच गाण्यावर हक्काचा दावा आला, दुसऱ्या कुणाच्या गाण्याचा भाग आहे म्हणून. झालं असं होतं की त्यांनीही तोच लूप वापरला होता आणि आपलं पूर्ण गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं होतं, मग यंत्राला माझ्यातला तबला त्यांचाच वाटला. मी हरकत घेतली, लूपच्या परवान्याचं पान आणि माझ्या प्रोजेक्टचे स्क्रीनशॉट जोडले, तीन आठवडे लागले, दावा निघाला. पण त्या तीन आठवड्यांत मला झोप नव्हती, शाळेच्या मुलांचे आवाज होते त्यात. तेव्हापासून लूप घेतला की त्याच दिवशी त्याच्या परवान्याची प्रत जपून ठेवते, आणि शक्य तिथे आमच्या गावातल्या तबलजीकडूनच दहा मिनिटं वाजवून घेते.

---

कायदा_कराड

गदिमांच्या कवितेचं राहिलं म्हणून लिहितो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो, ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत त्यांच्या कवितेवर वारसांचा हक्क आहे. घरात, मित्रांत म्हणा, पण रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायची असेल तर आधी लेखी परवानगी. 'श्रेय दिलंय', 'पैसे कमवत नाही' असं खाली लिहिल्यानं परवानगी मिळाली असं होत नाही, हा गैरसमज फार आहे.

चाली लावायचा सराव करायचा असेल तर मोकळ्या झालेल्या कविता भरपूर आहेत. केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला. संतांचे अभंग तर आहेतच. फक्त जुना अभंग मोकळा असला तरी त्याची कुणी तरी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगवेगळे हक्क. आणि काही लिखाण कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं असतं, तिथं ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, ते बघून घ्या.

तुमच्या स्वतःच्या चालीवर हक्क तयार झाल्याबरोबर तुमचाच आहे, नोंदणी सक्तीची नाही. पण पहिलं कच्चं रेकॉर्डिंग, शब्दांची वही, ॲपमधला प्रोजेक्ट हे तारखेसकट जपा.

---

गावभाग_सांगली

सगळ्यांना मनापासून नमस्कार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण नाइट शिफ्ट होती आणि मला आधी करून बघायचं होतं.

काका, तुम्ही म्हणालात तसं शब्द नुसते बोललो. 'येता जाता थांबूनी' बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतोय आणि मी चालीत तो वर नेला होता. मुरकी काढली. खरं सांगतो, ती मला फार आवडायची, तीन दिवस बसवली होती, काढताना जिवावर आलं. षड्जावर येऊन गप्प बसलो, त्या दोन मात्रांना तबला पण काढला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीतरी बंद पडलंय असं वाटलं, दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्या जागी मला आईची बांगडी ओट्याला लागायची तो आवाज आठवला. असं मला माझ्या कुठल्याच गाण्यात झालं नव्हतं. हात नीट केला. उंच सूर आई वर आणला, पण आ वर का ई वर ते कळंना, आत्ता ई वर आहे.

स्ट्रिंग्जमधला गंधार काढला, टोचणं गेलं. मला दोन वर्षं वाटत होतं माझा गळाच बेसूर आहे.

साउंडवाले दादा, टाळीची युक्ती केली, १८० मिलीसेकंद फरक निघाला. जुनी चारही गाणी त्याच इअरबडवर केलेली, सगळी परत जुळवायला घेतलीत. सुरुवातीचे ३८ सेकंद काढून आता आवाज सहाव्या सेकंदाला येतो.

ताई, नुसता आवाज आणि पेटी अशी नवीन फाइल खाली टाकलीय आणि एकच प्रश्न विचारतो: 'आई'चा उंच सूर आ वर पाहिजे का ई वर?

कराडकर साहेब, गदिमांचं बाजूला ठेवलं. वारसांना पत्र लिहिणार आहे.

आणि एक नवीन अडचण. आईला काल ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकलं, मग म्हणाली पट्टी माझ्या गळ्याची लाव, मला म्हणायचंय. ती भजनात काळी चार मध्ये म्हणती. मी ॲपमध्ये सगळा ट्रॅक काळी एक वरून काळी चारला चढवला तर तबला खेळण्यातल्या डब्यासारखा वाजायला लागला. काय करू?

---

अजिंक्यतारा_साउंड

काळी एक ते काळी चार म्हणजे सात अर्धे सूर वर, तबला एवढा ओढला की असाच वाजणार. तबला ओढू नका. एकतर काळी चारला मिळवलेला वेगळा लूप घ्या, नाहीतर ह्या गाण्याला तबलाच काढून नुसते टाळ ठेवा, टाळाला पट्टी सांभाळावी लागत नाही आणि तुम्हाला तो वाजवता येतोच. आई गाताना त्यांना इअरफोन देऊ नका, सवय नसते, गळा बिचकतो. आधी त्यांचा आवाज तानपुऱ्यावर मोकळा घ्या, त्या कुठं थांबतात तिथं थांबू द्या, टाळ नंतर त्यांच्या लयीला धरून वाजवा.

---

पेटी_मिरज

नवीन ऐकलं. आ वर घ्या. ई वर उंच गेलं की गळा आवळतो आणि सूर बारीक होतो, आ वर तोंड मोकळं राहतं. पण त्याच्या आधी आईंना म्हणायला सांगा आणि त्या कुठं चढतात ते बघा. माझं त्यांच्याशी जुळलं नाही तर त्यांचंच ठेवा.

रेकॉर्ड झालं की इथं टाका, मी वाट बघतोय.